घोडं पेंड कुठे खातं, ते आधी गेममध्ये शोधा



मागच्या व्हिडिओत मी म्हटलं होतं, की धंद्यात पैसे घालण्याआधी सहा आठवडे घोड्यांचा तबेला चालवून बघा. खरा तबेला नाही, ऑनलाइन गेममधला. बऱ्याच जणांना ती गंमत वाटली. "सर, गेम खेळून कोणी उद्योजक होतं का?" असंही विचारलं गेलं. व्हिडिओत वेळ कमी होता, म्हणून इथे नीट मांडतो.

माझं मत सरळ आहे. घोडे पाळायचे, त्यांची पैदास करायची आणि क्लबमधल्या इतरांच्या घोड्यांविरुद्ध पळवायचे, हा गेम फुकटात खेळलात तर धंद्याची अर्धी शाळा आहे. त्यात खरे पैसे घातलेत तर मात्र घरातलं भांडवल उडवायचा तो सोपा रस्ता आहे. दोन्ही बाजू समजून घ्या.

हे गेम असतात तरी कसे?

हा प्रकार नवा नाही. जपानमध्ये 'डर्बी स्टॅलियन' हा घोडे पैदाशीचा गेम १९९१ साली आला. 'हाउर्स' हा फ्रेंच गेम २००५ पासून ब्राउझरवर चालतो, आणि २०११ मध्ये 'युबिसॉफ्ट' या मोठ्या कंपनीने तो बनवणारी कंपनी विकत घेतली. गेम वेगवेगळे असले तरी गाभा एकच. तुम्हाला थोडी नाणी आणि एखाददुसरा घोडा मिळतो. चंदी, देखभाल, सराव, शर्यतीची प्रवेश फी हे सगळं त्याच नाण्यांतून भागवायचं. घोडी आणि स्टॅलियन निवडून शिंगरू जन्माला घालायचं. ते मोठं झालं की पळवायचं, नाहीतर विकायचं.

यातला सगळ्यात मोठा फायदा म्हणजे वेळ. खरी घोडी साधारण अकरा महिने गाभण असते. शिंगरू शर्यतीला उतरायला दोन वर्षांचं तरी व्हावं लागतं. म्हणजे जोडी लावण्याचा निर्णय बरोबर होता की चूक, हे कळायला तीन वर्षं जातात. 'हाउर्स'मध्ये आपल्या एका दिवसात घोड्याचं वय दोन महिन्यांनी वाढतं. तीन वर्षांचा निकाल तीन आठवड्यांत हातात. घोडामैदान इतकं जवळ खऱ्या धंद्यात कधीच नसतं.

धडा पहिला: उभा घोडाही खातो

नवा खेळाडू काय करतो? घोडे जमवतो. स्वस्त दिसला की घे, शिंगरू झालं की ठेव. महिनाभरात तबेला भरतो आणि नाणी संपतात. तरी त्याला कळत नाही, घोडं पेंड कुठे खातंय.

समजायला एक हिशोब मांडू. आकडे मी सोयीचे घेतले आहेत. तुमच्याकडे दहा घोडे आहेत. प्रत्येकाची महिन्याची देखभाल ६०० नाणी आणि प्रवेश फी ४०० नाणी. म्हणजे एकूण खर्च १०,००० नाणी. तीन चांगले घोडे मिळून ७,५०० नाणी कमावतात आणि उरलेले सात मिळून १,५००. जमा ९,००० आणि खर्च १०,०००. तीन विजेते असूनही महिन्याला १,००० नाण्यांचा तोटा!

आता त्या सातांतले सगळ्यात मागे राहणारे पाच विका. हे पाच मिळून ५०० नाणी आणत होते. विकल्यावर जमा ८,५०० आणि खर्च ५,०००. तोट्याच्या जागी ३,५०० शिल्लक, आणि नवा घोडा एकही घेतलेला नाही.

उरलेले दोघे अजून तोट्यातच आहेत, मग तेही का नाही विकायचे? ते लहान असतील, वेळेनुसार सुधारत असतील, तर ठेवा. पण "किती दिवस" हे आजच वहीत लिहा. तारीख न लिहिता ठेवलेल्या घोड्याला मी माया म्हणतो. त्याला गुंतवणूक म्हणू नका.

हाच हिशोब तुमच्या मसाल्याच्या धंद्याला लावा. गोडा मसाला, कांदा-लसूण मसाला आणि मेतकूट खपतं. बाकीचे अकरा प्रकार डब्यात पडून आहेत, पण त्यांची पाकिटं, लेबलं, जागा आणि तुमचा वेळ रोज खर्च होतो. ते अकरा प्रकार बंद करायला हात धजत नाही, कारण ते आपण मनापासून बनवलेले असतात. गेममधला आवडता घोडा विकताना हीच कळ येते. तिथे ती फुकट सोसता येते.

धडा दुसरा: चुकीच्या शर्यतीत चांगला घोडाही हरतो

अमेरिकेत शर्यतींच्या पायऱ्या असतात. एकही शर्यत न जिंकलेल्या घोड्यांसाठी 'मेडन' असते, वरच्या दर्जाच्या घोड्यांसाठी 'स्टेक्स', आणि मध्ये अनेक टप्पे. त्यातली 'क्लेमिंग' शर्यत आपल्यासाठी खास. यात उतरणाऱ्या प्रत्येक घोड्याची किंमत आधीच जाहीर असते. शर्यतीआधी दुसरा मालक त्या किमतीला दावा नोंदवू शकतो. मग घोडा पहिला येवो की शेवटचा, शर्यतीनंतर तो दावा करणाऱ्याचा. त्या शर्यतीचं बक्षीस तेवढं जुन्या मालकाला मिळतं.

आता विचार करा. तुमचा घोडा २०,००० डॉलरचा आहे. सोपा विजय हवा म्हणून तुम्ही त्याला ५,००० डॉलरच्या क्लेमिंगमध्ये उतरवलंत. घोडा जिंकेल, बक्षीसही मिळेल, पण घोडा दुसऱ्याच्या तबेल्यात जाईल. उलट ५,००० च्या घोड्याला २०,००० च्या गटात उतरवलंत तर तो कोणी नेणार नाही, पण जिंकणारही नाही. आपल्या मालाची खरी किंमत स्वतःशी कबूल करायला लावणारा यापेक्षा चोख नियम मला माहीत नाही.

पहिली ऑर्डर मिळावी म्हणून १२० रुपयांची थाळी ७० रुपयांत कबूल करणारे तुमच्यात किती जण आहेत? ऑर्डर मिळते. पण त्या गिऱ्हाइकाच्या लेखी तुमची किंमत ७० रुपयेच ठरते. पुढे भाव वाढवलात की ते जातं, आणि नाही वाढवलात तर तुम्ही जाता. आपण कुठल्या गटात पळू शकतो हे ठरवणं म्हणजेच मार्केटिंगचं निम्मं काम.

धडा तिसरा: जोडीदार सारखा नको, पूरक हवा

पैदास करताना नवशिक्या सरळ जोडतो: वेगवान घोडी, वेगवान स्टॅलियन, म्हणून शिंगरू अतिवेगवान. कागदावर छान दिसतं. पण दोघंही लांब पल्ल्याला दमणारे असतील, तर शिंगरूही बहुधा दमणारंच निघतं. एकाच पूर्वजाचं रक्त दोन्ही बाजूंनी आणलं तर गुण पक्के होतात, तसे लपलेले दोषही समोरासमोर येतात. 'डर्बी स्टॅलियन' खेळणारे तिसऱ्या आणि चौथ्या पिढीत तोच पूर्वज यावा अशी जोडी जमवतात. त्याचा रक्तातला वाटा होतो १८.७५ टक्के. वेग वाढण्याची शक्यता असते, पण तब्येत नाजूक निघण्याचा धोकाही सोबत येतो.

धंद्यात भागीदार निवडताना आपण हेच करतो. दोन मित्र, दोघंही बोलघेवडे, दोघांनाही विक्री जमते आणि हिशोबाचा दोघांनाही कंटाळा. दोन गुण एकत्र आले म्हणून पेढे वाटतात, पण एकच दोष दुप्पट झालाय हे पहिल्या जीएसटी रिटर्नला कळतं.

आणि एवढं करून नशीब उरतंच. 'द ग्रीन मंकी' नावाचं दोन वर्षांचं घोडं २००६ मध्ये अमेरिकेत १ कोटी ६० लाख डॉलरला विकलं गेलं. आयुष्यात तीन शर्यती धावलं, एकही जिंकलं नाही. याउलट 'कॅलिफोर्निया क्रोम'ची आई ८,००० डॉलरला घेतलेली होती. तिच्या पोटी जन्मलेल्या या घोड्याने २०१४ ची केंटकी डर्बी जिंकली. यावरून "स्वस्तातलंच घ्या" असा निष्कर्ष काढू नका. निष्कर्ष एवढाच, की एका डावावर सगळं लावू नका. पहिला डाव हरला तर दुसरा खेळायला पैसे उरले पाहिजेत.

धडा चौथा: वही

घोडदौडीच्या जगात वंशावळीच्या नोंदीला किती मान आहे पाहा. इंग्लंडमध्ये 'जनरल स्टड बुक' पहिल्यांदा १७९१ मध्ये निघालं, आणि त्याच्या पुढच्या आवृत्त्या आजही निघतात. भारतातल्या थरोब्रेड घोड्यांची नोंद पुण्यातून 'स्टड बुक अथॉरिटी ऑफ इंडिया' ठेवते. ज्या घोड्याची नोंद नाही तो कितीही पळो, थरोब्रेड म्हणून त्याला शर्यतीत जागा नाही.

क्लबमध्येही पुढे जाणारा खेळाडू ओळखायचा तर त्याची वही बघा. कोणती जोडी, कोणत्या अंतराची शर्यत, कितवा आला, किती खर्च झाला, सगळं लिहिलेलं असतं. आठवणीवर तबेला चालत नाही. दुकानही चालत नाही.

धडा पाचवा: घोडा न पळवताही घोड्यांचा धंदा होतो

'हाउर्स'मध्ये काही खेळाडू शर्यतींच्या मागे फारसे लागत नाहीत. ते अश्वकेंद्र चालवतात. इतरांचे घोडे ठेवून घेतात, सोयी देतात आणि भाडं घेतात. जिंको कोणीही, यांचं भाडं चालू.

आपल्या मातीतलं उदाहरण तर याहून मोठं आहे. पुण्याच्या पूनावाला कुटुंबाचा घोडे पैदाशीचा धंदा होता. शर्यतीतून निवृत्त झालेले घोडे मुंबईच्या हाफकिन संस्थेला जात, कारण घोड्याच्या रक्तातून औषधी सीरम बनतं. मग ते सीरम आपणच का बनवू नये, हा विचार सायरस पूनावाला यांनी केला आणि १९६६ मध्ये सीरम इन्स्टिट्यूट उभी राहिली. पळून झालेला घोडा हा इतरांच्या लेखी खर्च होता. तुमच्या धंद्यात असं "पळून झालेलं" काय पडलंय, ते बघा.

आता दुसरी बाजू

गेम अर्धीच शाळा आहे, असं मी म्हटलं. कारण तिथे उधारी नाही. "पुढच्या आठवड्यात देतो दादा" म्हणणारा कोणी नाही. मोतद्दार न सांगता गावी जात नाही. लाइट जात नाही. मुख्य म्हणजे गिऱ्हाईक नाही, ज्याच्याशी बोलावं लागतं आणि ज्याचं ऐकून घ्यावं लागतं. ही उरलेली अर्धी शाळा बाजारातच भरते. म्हणून सहा आठवडे म्हटलंय, सहा महिने नाही.

आणि पैशाचं कळकळीने सांगतो. २०२१ मध्ये 'झेड रन' नावाच्या गेमची जगभर हवा झाली. त्यातले घोडे एनएफटी म्हणून विकले जात. एकेक डिजिटल घोडा एक लाख डॉलरच्या वरही गेला. पुढच्याच वर्षी एनएफटीचा सगळा बाजार कोसळला. अशा योजना आपल्याकडे "घोडा घ्या, पैदास करा, घरबसल्या कमवा" अशा भाषेत येतात. तेव्हा एकच प्रश्न विचारा: जिंकणाऱ्याला मिळणारा पैसा येतो कुठून? उत्तर "बाकीच्या खेळाडूंच्या खिशातून" असेल, तर चालवणाऱ्याचा वाटा वजा जाऊन सगळ्यांच्या हाती मिळून आधीपेक्षा कमीच उरणार. याला धंदा म्हणत नाहीत. धंद्यात गिऱ्हाइकाला पैशाच्या बदल्यात काहीतरी मिळतं, म्हणून ते पुन्हा येतं. शिवाय पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेम्सवर आपल्या देशात २०२५ च्या कायद्याने बंदी आणली आहे. घरच्यांनी विश्वासाने दिलेले पन्नास हजार मिक्सरसाठी, फूड लायसन्ससाठी, पहिल्या मालासाठी आहेत. त्यातला एक रुपयाही डिजिटल घोड्याच्या चंदीला जाता कामा नये.

तुमचं काम

१. कोणताही एक फुकट गेम निवडा. कार्ड किंवा यूपीआय जोडायचं नाही.
२. रोज अर्धा तास, सहा आठवडे. गजर लावा.
३. प्रत्येक घोड्याला वहीत एक पान. जमा, खर्च आणि "कधीपर्यंत ठेवणार" ही तारीख.
४. तिसऱ्या आठवड्यात सगळ्यात आवडता पण तोट्यातला घोडा विका. विकताना काय वाटलं, तेही लिहा.
५. सहाव्या आठवड्यात घोड्यांची नावं खोडून तिथे तुमच्या धंद्यातल्या मालाची नावं लिहा आणि तेच रकाने भरा.

पाचवं काम करताना हात अडखळला, तर समजा की शिकवणी लागू पडली. ज्या मालापाशी पेन थांबेल, त्याचाच हिशोब सगळ्यात आधी मांडा.