‘बाप रे’मधला बाप कुठे गेला?

‘ओ माय गॉड’ला मराठीत काय म्हणायचं, हे भाषांतराच्या कार्यशाळेत कुणीतरी विचारतंच, आणि ‘अरे देवा’ हे उत्तरही ठरलेलं असतं. ते चूक आहे. ‘अरे देवा’ आपण म्हणतो ते दूध उतू गेल्यावर, किल्ली आत राहून दार लागल्यावर. त्यात हताशपणा आहे, आश्चर्य नाही. न कळवता मैत्रीण दारात उभी राहिली तर देवाला कोण मध्ये आणतं? ‘अगंबाई’ म्हणतो, ‘अय्या’ म्हणतो. साप दिसला की ‘बाप रे’, ठेच लागली की ‘आई गं’. आपल्या उद्गारांत बहुतेक घरचीच माणसं भरलेली आहेत.

इंग्रजीचं दुखणं निराळं. देवाचं नाव व्यर्थ घेऊ नये ही बायबलमधली आज्ञा. म्हणून निसटू पाहणारा ‘गॉड’ तोंडातच वळवून त्याचा ‘गॉश’, ‘गॉली’, ‘गुडनेस’ करायची रीत पडली. पुढे धाक ओसरला. ‘ओएमजी’ हे लघुरूपही मोबाइलवाल्या पोरांचं नव्हे; ॲडमिरल फिशर यांनी १९१७ साली चर्चिलना लिहिलेल्या पत्रात ते आहे.

छाटाछाट मराठीतही होते, फक्त कात्री दुसरीकडे चालते. ‘च्यायला’, ‘आयला’ हे आईवरच्या शिवीचे उरलेले तुकडे. दिल्ली मेट्रोत दिवसातून दहादा कानावर पडणारं ‘ओ तेरी!’ हेही अर्ध्यावर सोडलेलं वाक्यच, आणि पुढचा शब्द अख्ख्या डब्याला पाठ असतो. इंग्रजीत शब्द तोडला तो देवाच्या भीतीने. आपण तो कुणाच्या अब्रूसाठी तोडतो, हा वेगळ्या लेखाचा विषय.

आता भांडणाचं कारण. इथल्या एका इंग्रजी प्रकाशनाच्या संपादकाने माझ्या अनुवादातले सात ‘अगंबाई’, तीन ‘आई गं’ आणि एक ‘बाप रे’ उडवून सगळीकडे ‘ओ माय गॉड’ घातलं. कथा मराठवाड्यातली. तिच्यातली म्हातारी कधी देवळाची पायरी चढलेली नाही, कारण गावाने तिला चढू दिलेलं नाही. तिच्या तोंडी ‘माय गॉड’! ‘माझा’ म्हणायला तो तिचा होता कधी? मेलेल्या आईला हाक मारण्याचा तेवढा हक्क तिला कुणाला विचारावा लागत नव्हता. तोही गेला. कारण काय, तर ‘वाचकाच्या कानाला सहज वाटतं’.

कुठल्या वाचकाच्या? इंग्रजीने ‘बाप रे’ केव्हाच गिळलेलं आहे. यूल आणि बर्नेल यांच्या १८८६च्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ कोशात ‘बॉबरी’ हा शब्द आहे. त्यांनी त्याचं मूळ ‘बाप रे’ असं दिलंय आणि अर्थ दिलाय गोंगाट, आरडाओरडा. साहेबाच्या कानावर हाक पडली, पण त्यातला बाप ऐकू आला नाही. ऐकू आला तो नेटिवांचा कलकलाट. त्या कोशाचं नावसुद्धा मोहरममधल्या ‘या हसन, या हुसेन’ची सोजिरांनी केलेली मोडतोड आहे. माझ्या संपादकाने केलं ते यापेक्षा फार वेगळं नाही, फक्त त्याचं इंग्रजी दिल्लीचं आहे.

परका उद्गार वाचकाला झेपत नाही, हेही मला मान्य नाही. आज जगभर झालेलं ‘वाव’ ऑक्सफर्डच्या कोशात सर्वांत जुनं सापडतं ते स्कॉट्स भाषेत, आणि तेही एका अनुवादात: गॅविन डग्लसने १५१३ साली पुरं केलेल्या व्हर्जिलच्या ‘ईनिड’मध्ये. त्याच्या हस्तलिखितावर हात फिरवायला सहज कानाचा संपादक नव्हता, हे इंग्रजीचं नशीब.

पुढच्या पुस्तकाच्या करारात मी एक कलम वाढवलं आहे: उद्गारांना माझ्या संमतीशिवाय हात लावायचा नाही. ओळखीचा वकील वाचून हसला. प्रकाशकाची सही अजून यायची आहे.