घरातील यंत्रे : फ्रीजमध्ये बर्फ साचते, पण दूध नासते

गेल्या पावसाळ्यात आम्ही राजूरला थोरल्या वहिनींकडे गेलो होतो. अकोले तालुक्यातला हा भाग. वर घाटघर-रतनवाडीकडे पाऊस कोसळत असतो आणि राजूरच्या घरांतही आषाढ-श्रावणात दोरीवरचे कपडे चार-चार दिवस वाळत नाहीत. दारात पाय ठेवताच वहिनी म्हणाल्या, "भावजी, फ्रीजने दगा दिला. वर बर्फाचा डोंगर आणि खाली दूध नासतंय. माझं इन्सुलिन शेजारी ठेवलंय."

दुधाचे एक वेळ सोडून देऊ. इन्सुलिनच्या न उघडलेल्या बाटल्या 2 ते 8 अंश सेल्सिअसमध्ये ठेवायच्या असतात, आणि एकदा गोठलेले इन्सुलिन पुन्हा पातळ झाले तरी वापरायचे नसते. त्यामुळे प्रश्न गंभीर होता. त्यात एक मेकॅनिक येऊन, दार उघडून, दोन मिनिटांत निदान सांगून गेला होता: "कॉम्प्रेसर गेला, गॅसही भरावा लागेल." खर्च सांगितला सात हजार. वहिनींचे महिन्याचे औषधपाणी त्यापुढे काहीच नाही.

आम्ही फ्रीजच्या मागे कान लावला. कॉम्प्रेसर चालू होता, किंबहुना थांबतच नव्हता. फ्रीजच्या बाजू गरम लागत होत्या. म्हणजे आतली उष्णता बाहेर टाकण्याचे काम चालले होते. मेलेला कॉम्प्रेसर असे करीत नाही. मग खालच्या कप्प्यात गारवा का पोचत नव्हता?

वाचक भगिनींसाठी थोडे मागे जाऊन सांगतो. दोन दारांच्या, आपोआप बर्फ वितळवणाऱ्या फ्रीजमध्ये गार नळ्यांची जाळी फ्रीजरच्या मागच्या पडद्याआड असते. एक छोटा पंखा तिच्यातून हवा ओढतो आणि वर-खाली पाठवतो. दार उघडले की बाहेरची ओली हवा आत शिरते आणि तिच्यातली वाफ त्या जाळीवर गोठते. राजूरच्या पावसाळ्यात ती किती गोठत असेल याचा अंदाज करा. पट्ट्यांमधल्या फटी बर्फाने बुजल्या की पंखा फिरतो, पण हवा जात नाही. फ्रीजर कसाबसा गार राहतो आणि खालचा कप्पा उबतो.

हे होऊ नये म्हणून जाळीला एक हीटर बांधलेला असतो. जुन्या पद्धतीच्या फ्रीजमध्ये एक टायमर असतो. तो साधारण आठ ते बारा तासांनी कॉम्प्रेसर बंद करून वीस-तीस मिनिटे हीटरला वीज देतो. जाळी पुरेशी उबली की तिच्यावर बसवलेला द्विधातूचा लहान थर्मोस्टॅट हीटर तोडतो. तोही फसला तर जास्त उष्णतेला वितळणारा एक फ्यूज असतो. नव्या फ्रीजमध्ये टायमरऐवजी सेन्सर आणि इलेक्ट्रॉनिक बोर्ड असतो. खेड्यातल्या वरखाली होणाऱ्या व्होल्टेजपुढे तो बोर्ड आधी मान टाकतो, असा आमचा अनुभव आहे.

थंड देशांत घर उबदार ठेवणारे हीट पंप याच जातीचे. त्यांची बाहेरची जाळी हिवाळ्यात गोठते, म्हणून यंत्र काही मिनिटे उलटे चालवून ती वितळवतात. तेव्हा उठणाऱ्या वाफेला धूर समजून लोक घाबरतात म्हणे. असो.

वहिनींचा फ्रीज जुन्या टायमरचा होता. प्लग काढून, सामान हलवून, आम्ही फ्रीजरचा मागचा पडदा खोलला. जाळी वरपासून खालपर्यंत सारखी पांढरीशुभ्र. ही खूण महत्त्वाची आहे. गॅस कमी असेल तर बर्फ जाळीच्या एका टोकालाच धरते, बाकीची जाळी कोरडी राहते. सगळीकडे सारखे जाड बर्फ म्हणजे गॅस ठीक आहे आणि वितळवण्याची यंत्रणा बंद आहे. मेकॅनिकने हा पडदा उघडलाच नव्हता.

वहिनी सुरी घेऊन आल्या. आम्ही ती आधी हातातून काढून घेतली! सुरीचे टोक नळीत घुसले की गॅस खरोखरच जातो, आणि नव्या फ्रीजमधला आर-600ए हा गॅस पेट घेणारा आहे. रात्रभर दारे उघडी ठेवली, खाली जुनी लुगडी अंथरली. सकाळी बर्फ गेले, फ्रीज चालू केला, दुपारपर्यंत खालचा कप्पा गार झाला. वहिनी खूश. पण पाचव्या दिवशी दूध पुन्हा आंबले. म्हणजे रोग तसाच होता.

मग अकोल्याहून ओळखीचा एक होतकरू मुलगा बोलावला. आयटीआयमधून रेफ्रिजरेशनचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम केलेला. त्याने स्क्रू ड्रायव्हरने टायमरचा खटका हळूहळू पुढे फिरवला. 'टक्' आवाज झाला, कॉम्प्रेसर थांबला. याचा अर्थ टायमर कॉम्प्रेसर तोडतो आहे. आता हीटर तापून बर्फ चुरचुरायला हवे होते. दहा मिनिटे झाली, काही नाही. हीटर तापला असता तर दोष टायमरच्या मोटरचा ठरला असता. तापला नाही, म्हणून उरले तिघे : हीटर, थर्मोस्टॅट, फ्यूज. प्लग काढून मीटर लावला. हीटर शाबूत, फ्यूज शाबूत.

थर्मोस्टॅटपाशी पुष्कळ जण फसतात. खोलीच्या उष्णतेत तो तुटलेलाच दाखवतो, कारण उबदार असताना तुटणे हेच त्याचे काम. त्याला थंडीत तपासावे लागते. मुलाने वाटीत बर्फ आणि जाडे मीठ घेतले, थर्मोस्टॅट त्यात बुडवून ठेवला. जोडला गेला नाही. त्याची टोपीही पाणी शिरून फुगली होती. दोष सापडला. नवा तुकडा काही शे रुपयांचा, मजुरी वेगळी. सात हजारांच्या जवळपासही नाही.

हे हीटर घरच्या विजेवर चालतात. ओल्या हाताने, प्लग न काढता कोणी पडद्याआड बोट घालू नये. पडदा खोलण्यापलीकडचे काम जाणत्याकडूनच करून घ्यावे, मात्र शेजारी उभे राहून बर्फाचा नमुना स्वतः पाहावा. एका दाराच्या साध्या फ्रीजमध्ये ही भानगड नसते. तिथे नियंत्रकाच्या मध्यावरचे बटण दाबायचे, बर्फ वितळले की ते आपोआप बाहेर येते. बर्फ अर्धा बोटभर झाले की दाबावे, डोंगर होण्याची वाट पाहू नये.

इन्सुलिन दोन दिवसांनी शेजारून परत आले. वहिनींनी ते दाराच्या मधल्या कप्प्यात ठेवले, फ्रीजरपासून लांब. मुलाने जाताना दाराच्या रबरात वहीचा कागद अडकवून ओढून दाखवला. खालच्या कोपऱ्यात तो अलगद निसटला. ओली हवा तिथूनही शिरत होती. ते रबर गरम पाण्याने धुऊन, हाताने सरळ करून बसवले. पुढच्या खेपेला राजूरला गेलो की तो कोपरा पुन्हा कागदाने तपासायचा आहे.