माणदेशची धांव

आमच्या सोलापूर जिल्ह्यास लागून माण तालुका आहे. पर्जन्यछायेंतला, अवर्षणानें गांजलेला मुलूख. त्यांतील मोही गांवीं एका शेतकरी कुटुंबांत १९८९ सालीं ललिता बाबर ह्यांचा जन्म झाला. त्यांची शर्यत तीन हजार मीटरची. वाटेंत अठ्ठावीस अडथळे, शिवाय सात वेळां पाण्याचा खड्डा. जेथें घागरभर पाण्याची ददात, तेथील मुलीनें पाण्यावरून उड्या घेऊन नांव मिळवावें, हा दैवाचा विनोदच म्हणावयाचा!

२०१५ सालीं वूहान येथें त्या आशियाच्या अजिंक्य ठरल्या. पुढल्या वर्षीं रिओच्या ऑलिंपिकमध्यें ९ मिनिटें १९.७६ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम करून त्यांनीं अंतिम फेरी गांठली व तींत दहावा क्रमांक मिळविला. धांवण्याच्या वैयक्तिक शर्यतींत १९८४ च्या पी. टी. उषा ह्यांच्यानंतर हा मान दुसऱ्या भारतीय स्त्रीस मिळाला नव्हता.

आम्हांस मात्र पदकांहून वयाचा हिशेब अधिक बोलका वाटतो. बाविसाव्या वर्षीं मुंबई मॅरेथॉनमध्यें भारतीय स्त्रियांत पहिल्या. पंचविशीस अडथळ्यांची शर्यत नव्यानें हातीं घेतली. सत्ताविसाव्या वर्षीं ऑलिंपिक. विवाह २०१७ सालीं, त्याहीनंतर. मग उपजिल्हाधिकाऱ्याचें पद. आमच्या सुशिक्षित घरांतून मुलगी बारावीस गेली, कीं प्रथम अभ्यासासाठीं आणि मग स्थळें येऊं लागलीं म्हणून तिचें पोहणें-धांवणें बंद होतें. अशा घरीं ही सनावळी एकदां आजीस वाचून दाखवावी.