दिवाळीआधी पोराचं बोट पुढे करा

चोपडा, यावल, रावेर, शिरपूर, साक्रीकडच्या आई-बापांनो, आजी-आजोबांनो,

दिवाळी झाली की आपल्याकडची कितीतरी बिऱ्हाडं ऊसतोडीला गुजरातेत उतरतात. मग पाच-सहा महिने ना गावची अंगणवाडी, ना ओळखीच्या आशाताई. म्हणून विनंती एकच. निघण्याआधी सहा महिन्यांपुढच्या प्रत्येक लेकराचं हिमोग्लोबिन तपासून घ्या.

“आमना पोऱ्या खेयस ना, मंग सुई कसाले?” हे दारोदार ऐकू येतं. खेळतो, खरं आहे. रक्त हळूहळू कमी होत गेलं की अंग त्याला सरावतं. पोरगं खेळतं, पण लवकर दमतं, चिडचिडतं, माती खातं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची शंभरातली जवळपास ६९ मुलं रक्तक्षयाची निघाली. अंगणवाडीच्या सतरंजीवर दहा पोरं बसली, तर त्यातली सात धरा.

पूर्वी हिमोग्लोबिन मोजायला साहली पद्धतीच्या नळीत आम्ल टाकून रंग जुळवत बसावं लागे, आणि दोघांनी पाहिलं तर दोन आकडे निघत. २०१८ च्या ॲनिमियामुक्त भारत मोहिमेपासून हातात मावणाऱ्या डिजिटल यंत्रावर भर आहे. बोट पुसायचं, टोचायचं, पहिला थेंब कापसाने टिपून टाकायचा, पुढचा पट्टीवर घ्यायचा. मिनिटभरात आकडा. बोट मात्र पिळू देऊ नका. पिळलं की रक्तात अंगातलं पाणी मिसळतं आणि आकडा उगाच कमी दिसतो. आणि सिस्टर, तुम्हालाही हात जोडून सांगणं: पट्ट्यांची डबी गाडीच्या डिकीत ठेवू नका. आपलं ऊन ठाऊक आहे ना!

आकडा विचारा, लेकराच्या कार्डावर लिहून घ्या. दोन ते पाच वर्षांच्या पोराला किमान ११ हवा. ७ च्या खाली असेल तर घरी न्यायचंच नाही. त्याच दिवशी धुळ्याच्या किंवा जळगावच्या सरकारी रुग्णालयात जायचं. मधल्यांना लोहाचं औषध मिळेल. त्याने शी काळी होते. घाबरून बाटली फेकू नका, तीच सोबत न्या आणि महिन्याभराने जिथे असाल तिथल्या सरकारी दवाखान्यात कार्ड दाखवून पुन्हा तपासा. जेवणावर चहा नको, लिंबू चालेल. केळीने रक्त वाढतं, असं केळीच्या जिल्ह्यात सगळेच म्हणतात. पण केळ्यात लोह अगदी थोडं. त्यापेक्षा शेवग्याचा पाला बरा.

औषध नेमाने देऊनही आकडा हलत नसेल, तर सिकलसेल या रक्ताच्या आजाराची तपासणी मागून घ्या. सातपुड्यातल्या भिल्ल, पावरा पाड्यांवर तर ती आधीच व्हायला हवी. २०२३ पासून देशभर त्यासाठी मोहीम सुरू आहे, लाजण्यासारखं त्यात काही नाही.

आणि मुकादम भाऊ, तुमच्या वहीत प्रत्येक कोयत्याच्या नावापुढे उचलीचा आकडा असतो. गाडी भरण्याच्या आदल्या आठवड्यातली एक सकाळ लेकरांसाठी मोकळी सोडा, सिस्टरला गावात बोलवा, आणि त्याच ओळीत पोरांचे आकडेही लिहून घ्या.