मोरीच्या जाळीपलीकडे



गेल्या विजयादशमीला दीक्षाभूमीवरून परतणारे पाहुणे आमच्याकडे मुक्कामाला होते. पुऱ्या झाल्या, भजी झाली. तळून उरलेले तेल पाहून पत्नीने विचारले, "याचं काय करू?" मी पेपरातून मान वर न काढता म्हणालो, "ओत मोरीत, वरून गरम पाणी सोड." चौथ्या दिवशी न्हाणीत घोट्याएवढे पाणी तुंबले.

चूक माझीच. गरम पाण्याने तेल फक्त पुढे ढकलले जाते. पुढे गार झाले, साबणाच्या पाण्यात मिसळले की पाइपाला आतून मेणासारखा थर धरते. जवसाचे तेल तर हवेने आपोआप वाळून घट्ट होते, म्हणूनच ते रंगात वापरतात. त्या थरात केस अडकतात, चहाचा चोथा अडकतो. त्यात आपला भंडारा म्हणजे धानाचा मुलूख. ताटातली शिते धुऊन मोरीत गेली की फुगतात नि चिकटतात. लंडनमध्ये 2017 साली अशाच चरबीचा नि ओल्या कपड्यांसारख्या कचऱ्याचा 250 मीटर लांब, 130 टन वजनाचा गोळा गटारात सापडला होता. तेव्हा ही काही फक्त आपल्या नालीची कथा नाही.

शेजारी म्हणाले, "त्या सफाईवाल्या पोराला बोलवा. शंभर-दोनशे दिले की हात घालून काढतो." मी मोबाइल हातात घेतला आणि थांबलो. 1927 साली महाडला बाबासाहेबांनी मेलेल्या ढोरांचे मांस सोडायला सांगितले. माझ्या आजोबांनी गावची मेलेली ढोरे ओढणे कसे नाकारले, हे मी सभांमधून अभिमानाने सांगतो. आणि आता माझ्या घरची घाण काढायला दुसऱ्याच्या पोराचा उघडा हात?

हातमोजे घालून, बांबूची कामटी घेऊन मीच अंगणातले चेंबर उघडले. तेलाचा पांढरा लगदा, केसांचे पुंजके, शांपूच्या पुड्या, आणि एक पॅड. पाण्याने पॅड फुगते, विरघळत नाही. घरात हा विषय पुरुषांनी काढायचा नाही असा रिवाज, पण न बोलल्यानेच ते मोरीत जाते. कागदात गुंडाळून वेगळ्या डब्यात टाकावे, आणि तो डबा ठेवायची जबाबदारी घरच्या कर्त्याने घ्यावी.

हे सोपे चेंबर होते. सेप्टिक टँक असती तर मी झाकणावर वाकलोही नसतो. तिथे सडक्या अंड्यासारखा वास येणारा वायू साठतो, आणि तो जास्त झाला की नाकाला वासच कळेनासा होतो. माणूस उतरतो तो कोसळतो, त्याला काढायला उतरलेला दुसराही. 2013 च्या कायद्याने सुरक्षा साधनांशिवाय कुणालाही गटारात वा टाकीत उतरवणे गुन्हा आहे. तो फक्त नगरपालिकेला नव्हे, घरमालकालाही लागू आहे. पहिल्या गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. सर्वोच्च न्यायालयाने अशा मृत्यूची भरपाई 2014 साली 10 लाख ठरवली, 2023 साली 30 लाख केली. मी कारकून माणूस, आकडे लिहिण्यात आयुष्य गेले. पण या रकमेपुढे कोणत्या खात्याची नोंद करायची ते मला सुचत नाही.

तुंबले की काही जण अ‍ॅसिड ओततात. टाकीत मैला कुजवणारे जंतू अ‍ॅसिडने आणि फार फिनाइलनेही मरतात, मग टाकी लवकर भरते. आणि अ‍ॅसिडसोबत ब्लीचिंग पावडर पडली तर क्लोरीन वायू निघतो. तो आधी ओतणाऱ्याच्याच नाकात जातो.

आपण नाग नदीची घाण कन्हानमधून वैनगंगेत येते म्हणून नागपूरकरांच्या नावाने बोटे मोडतो. ती तक्रार रास्त आहे. पण आपल्या नाल्यांचे पाणीही शेवटी उताराकडे, वैनगंगेकडेच जाते, आणि खाली गोसीखुर्दला अडते.

आमच्या मोरीला आता बारीक भोकांची जाळी आहे. केस आणि शिते तिच्यावर राहतात, ती रोज कचऱ्याच्या डब्यात जातात. कढई आधी जुन्या कागदाने पुसायची, मग घासायची. जळके तेल भुशात जिरवून डब्यात. कागद पुसण्याचे काम माझ्याकडे आले आहे. पेपर वाचून झाल्यावर.