क्लचची वायर आणि पिकअपची अफवा

आपल्या होस्टेलमध्ये काही गोष्टींवर कोणी वाद घालत नाही. मेसची डाळ पातळ असते, एम-थ्री निघता निघत नाही, आणि क्लचची वायर डायरेक्ट केली की गाडीचा पिकअप वाढतो! पहिल्या दोन गोष्टी मलाही मान्य आहेत. तिसरीबद्दल मात्र चार शब्द लिहायचे आहेत. पार्किंगमध्ये एक चक्कर मारा, क्लचच्या लिव्हरखाली काळी चिकटपट्टी गुंडाळलेल्या गाड्या हमखास दिसतील. विचारलं तर उत्तर ठरलेलं, "अरे, डायरेक्ट केलीय. आता बघ कशी पळती!"

हा प्रकार काय आहे ते आधी सांगतो, म्हणजे कॉम्प्युटर आणि सिव्हिलची मंडळी पान उलटणार नाहीत. डाव्या हाताच्या क्लच लिव्हरच्या बुडाशी एक छोटा स्विच असतो. त्यातून दोन वायरी निघतात. लिव्हर दाबली की बहुतेक गाड्यांमध्ये त्या दोन वायरी आतून जुळतात, सोडली की सुटतात. आता ह्याच वायरी सोलून एकमेकींना पीळ दिला, की गाडीच्या लेखी क्लच कायमचा दाबलेला! ह्यालाच म्हणतात 'डायरेक्ट करणे'. दोन मिनिटांचं काम, खर्च शून्य. म्हणून तर ते इतकं लोकप्रिय आहे.

पण मित्रांनो, आपण इंजिनिअरिंगला आलोय. कोणतीही वायर कापण्याआधी एक प्रश्न विचारायला पाहिजे : ही वायर जाते कुठे?

आपल्याकडच्या कार्ब्युरेटरच्या १५०-१८० सीसी गाड्यांमध्ये ही वायर सेल्फच्या सर्किटमध्ये असते. बॅटरी, किल्ली, सेल्फचं बटण, रिले आणि स्टार्टर मोटर अशी ती साखळी. त्यात क्लचचा आणि न्यूट्रलचा असे दोन स्विच पहारेकरी म्हणून बसवलेले. गाडी गिअरमध्ये आहे आणि क्लच दाबलेला नाही, तर बटण कितीही दाबा, सेल्फ लागणार नाही. बस्स, इतकंच त्याचं काम. एकदा इंजिन चालू झालं की त्याची ड्यूटी संपली. तिथून पुढे प्लगला ठिणगी देणारा सीडीआय आणि पेट्रोल देणारा कार्ब्युरेटर यांना ह्या स्विचची खबरसुद्धा नसते. मग पिकअप वाढणार कुठून? दारावरच्या बेलची वायर जोडून माळवदावरचा पंखा जोरात फिरेल का?

आता कोणी म्हणेल, मग इतके लोक सांगतात ते काय सगळे येडे आहेत? नाही. अफवेच्या बुडाशी कुठेतरी खरी गोष्ट असते, तशी इथेही आहे. मोठ्या परदेशी गाड्यांमध्ये इंजिनाचा कारभार ईसीयूकडे असतो आणि त्यातल्या काही गाड्यांमध्ये क्लचच्या स्विचची वायर थेट ईसीयूपर्यंत जाते. क्लच दाबलेला असेल तर ठिणगीचं टायमिंग एक, सुटलेला असेल तर दुसरं. सुझुकीच्या १००० सीसी व्ही-स्ट्रॉमच्या मालकांमध्ये हा स्विच जोडून टाकण्याची युक्ती गाजलेली आहे. कमी आरपीएमला गाडी कमी झटके देते असा त्यांचा अनुभव. सुझुकीच्याच जीएसएक्स-आर आणि हायाबुसामध्ये ईसीयू खालच्या गिअरमध्ये टायमिंग मागे ओढतो. तिथे लोक गिअरच्या सेन्सरला फसवून 'गाडी वरच्या गिअरमध्ये आहे' असं ईसीयूला भासवतात. म्हणजे त्या गाड्यांमध्ये वायरीत केलेल्या बदलाने थ्रॉटलचा प्रतिसाद बदलू शकतो. फरक एवढाच की तिथे वायर ईसीयूला जाते, आपल्याकडे सेल्फच्या रिलेला. गोष्ट हायाबुसाची आणि लागू केली पल्सरला! शेजाऱ्याचं औषध आपल्या रोगाला, त्यातला प्रकार झाला.

गंमत म्हणजे पिकअपशी खरोखर संबंध असलेली एक वायर पल्सरमध्येही आहे, आणि तिच्याबद्दल होस्टेलमध्ये कोणी बोलत नाही. पल्सर पहिल्यांदा आली २००१ साली. २००३ मध्ये डीटीएस-आय आली, दोन प्लगवाली. त्या गाड्यांमध्ये बजाजने 'ट्रिक्स' नावाची व्यवस्था दिली. पूर्ण नाव थ्रॉटल रिस्पॉन्सिव्ह इग्निशन कंट्रोल सिस्टिम. ॲक्सिलरेटर ठराविक मर्यादेपलीकडे पिळला की चुंबकामुळे कार्ब्युरेटरजवळचा एक रीड स्विच आपली स्थिती बदलतो. तो निरोप सीडीआयला जातो आणि सीडीआय ठिणगीच्या टायमिंगचा एक नकाशा सोडून दुसरा धरतो.

ह्याची गरज काय, तर सिलिंडरमधलं मिश्रण एका क्षणात जळत नाही, त्याला वेळ लागतो. ६००० आरपीएमला क्रँकचा एक फेरा १० मिलिसेकंदांत होतो. एवढ्या वेळात जाळ पसरून पिस्टनवर दाब योग्य जागी यायचा, तर ठिणगी पिस्टन वर पोचायच्या आधीच पडली पाहिजे. थ्रॉटल थोडा उघडा असताना मिश्रण विरळ असतं आणि सावकाश जळतं, म्हणून ठिणगी जास्त लवकर लागते. थ्रॉटल पूर्ण उघडला की मिश्रण दाट होतं, भराभर जळतं, मग तितकी घाई चालत नाही, नाहीतर इंजिन ठोकायला लागतं. म्हणजे हात किती पिळलाय हे सीडीआयला कळणं महत्त्वाचं. तुमच्या जुन्या डीटीएस-आयमध्ये ही वायर तुटलेली, गंजलेली किंवा कोण्या हुशार माणसाने काढून टाकलेली असेल, तर पिकअपचा शोध तिथून सुरू करा. चिकटपट्टी मात्र आपण लावतो भलत्याच वायरीला!

"पण मला स्वतःला फरक जाणवला" असं छातीठोक सांगणारे भेटतात. जाणवला असेलही. पण वायर डायरेक्ट करायला गाडी गॅरेजात जाते तेव्हा मिस्तरी नुसती वायर जोडून सोडत नाही. जाता जाता क्लच केबलला तेल सोडतो, ॲक्सिलरेटरच्या केबलचा ढिलेपणा काढतो, एअर फिल्टर झटकतो, चेन ताणतो. आपल्या बीड जिल्ह्यातली धूळ म्हणजे काय ते सांगायला नको. फिल्टर बुजला की इंजिनाला श्वासच घेता येत नाही. ॲक्सिलरेटरच्या केबलला साधारण २-३ मिमी मोकळीक असावी लागते (नेमका आकडा प्रत्येक गाडीच्या मॅन्युअलमध्ये आहे). ती वाढली की हात आधी पिळतो आणि गाडी नंतर ऐकते. क्लचप्लेटा झिजल्या की इंजिन नुसतं ओरडतं, आरपीएम चढतात आणि वेग तिथल्या तिथे. कार्ब्युरेटर व्हॅक्यूमवर चालणारा असेल आणि त्याचा रबरी पडदा चिरला असेल, तर अर्ध्या पिळानंतर गाडी पुढे सरकत नाही. ह्यातलं काहीही दुरुस्त झालं की फरक पडणारच. काम केलं फिल्टरने आणि नाव झालं वायरीचं.

खरंखोटं करायचं असेल तर उपाय आपल्याच हातात आहे. कॉलेजच्या मोकळ्या मैदानात, रस्त्यावर नव्हे, एकच गाडी, एकच चालवणारा, टाकीत तेवढंच पेट्रोल. दुसऱ्या गिअरमध्ये २० वरून ४० ला जायला किती सेकंद लागतात ते दहा वेळा मोजा. पाच वेळा वायर जोडलेली, पाच वेळा सुटी. अट एकच : कोणत्या फेरीत जोडली होती हे चालवणाऱ्याला सांगायचं नाही. वही उघडून आकडे मांडा, सरासरी काढा. आपण प्रॅक्टिकलला रीडिंग 'ॲडजस्ट' करतो तसं इथे नको! फरक दिसला तर मी हा लेख मागे घेईन. त्याहून सोपा मार्ग म्हणजे गाडीचा वायरिंग डायग्राम पसरून त्या दोन वायरींवरून बोट फिरवत जायचं. बोट रिलेपाशी थांबतं की सीडीआयपाशी, तेवढं बघा.

कोणी म्हणेल, बरं बाबा, फायदा नसेल, पण तोटा तरी काय? माझा खरा मुद्दा इथून पुढे आहे.

ती गाडी आपल्या एकट्याची नसते. हप्त्यावर घेतलेली, बऱ्याचदा वडिलांच्या नावावर असलेली गाडी आपण होस्टेलला आणतो. दिवाळीच्या सुट्टीत तीच गाडी केजला, धारूरला, वडवणीला गावी जाते. तिथे ती धाकटा भाऊ चालवतो, दुधाची किटली अडकवून वडील चालवतात, बहीण शिकते. वायर डायरेक्ट आहे हे आपल्याला माहीत असतं, म्हणून आपला हात आपोआप न्यूट्रल तपासतो. त्यांना कुठे माहीत आहे? गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकून ओट्याला लावलेली. कोणीतरी बाजूला उभं राहूनच किल्ली फिरवतं आणि सहज बटण दाबतं. पहिल्या गिअरमध्ये स्टार्टर मोटरच गाडीला पुढे ढकलते, आणि त्यातच इंजिन पेटलं तर गाडी उडी मारते. समोर भिंत असेल, म्हैस असेल किंवा खेळणारं लेकरू असेल. ज्याला माहिती नाही त्याच्यासाठीच हा स्विच बसवलेला आहे. आपण शहाणे म्हणून त्याला बाद करतो आणि किंमत मोजायची वेळ घरच्यांवर आणतो.

एक बाजू मान्य केलीच पाहिजे. हा स्विच पाणी आणि धुळीने खराब होतो आणि सेल्फ बंद पडतो. पल्सर २२० सारख्या गाडीला तर किकच नाही. रात्री मांजरसुंब्याच्या घाटात गाडी अडली आणि कोणी वायर जोडून घरी पोचला, तर त्याला मी दोष देणार नाही. अडचणीतला जुगाड हीसुद्धा विद्याच आहे. पण घरी पोचल्यावर दुसऱ्या दिवशी नवा स्विच टाकायचा असतो. एका रात्रीचा जुगाड तीन-तीन वर्षं चिकटपट्टीखाली राहतो, तक्रार त्याबद्दल आहे.

आणखी एक. १ एप्रिल २०२० पासून बीएस-सिक्सचे नियम आले आणि आपल्या १५० सीसीच्या गाड्यांमध्येही फ्युएल इंजेक्शन आणि ईसीयू आला. आता वायरी कुठून कुठे जातात हे मॉडेलगणिक वेगळं आहे. काही गाड्यांमध्ये क्लचची खबर ईसीयूपर्यंत जाऊही शकते. म्हणून कोणी लगेच कटर घेऊन बसू नका. ईसीयूला खोटी खबर दिली की तो त्या खोट्यावरच हिशोब करणार. बिघाडाचा दिवा लागला की मग गॅरेजातही कोणाला पटकन सुधरत नाही. जुन्या गाडीत वायर जोडणं बिनकामाचं होतं, नव्या गाडीत ते महागात पडू शकतं.

पिकअप हवा, ह्याबद्दल माझं दुमत नाही. गाळपाच्या दिवसांत केजच्या रस्त्याला उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर पुढे असला आणि समोरून एसटी येत असली, की पिकअप म्हणजे काय ते कळतं. पण म्हणूनच तो खरा असला पाहिजे, मनाचा समज नको. वाढलाय असं समजून ओव्हरटेकला गाडी काढली आणि ऐन वेळी ती रडली, तर चिकटपट्टी कामाला येणार नाही.

शेवटी एक सूचना, विद्यार्थ्यांना आणि सरांनाही. आपल्या वर्कशॉपच्या कपाटात मल्टिमीटर कुलपात पडून आहेत. वर्षातून दोन शनिवारी दुपारी ते बाहेर काढावेत. मेकॅनिकल आणि इलेक्ट्रिकलच्या मुलांनी मिळून होस्टेलच्या गाड्यांची तपासणी करावी : क्लच स्विच, साइड स्टँडचा स्विच, केबलची मोकळीक, फिल्टर, चेन. लॅबच्या काकांना ह्यातलं आपल्यापेक्षा जास्त कळतं, त्यांना पुढे बसवावं. गावाकडे लोक आपल्याला 'इंजिनिअर साहेब' म्हणतात आणि बंद पडलेली मोटर दाखवतात, तेव्हा उत्तर देता आलं पाहिजे. आणि दिवाळीला गाडी घरी न्यायच्या आधी प्रत्येकाने ती काळी चिकटपट्टी सोडून बघावी. आत पीळ दिलेल्या दोन वायरी सापडल्या, तर नवा स्विच टाकून मगच गावचा रस्ता धरावा.