आधी काम करू द्या

आम्ही दिव्यांग तरुण आहोत, त्यांचे आईवडील आहोत, विशेष शाळांतले शिक्षक आहोत आणि पुणे, पिंपरी-चिंचवड, चाकण पट्ट्यात लहानमोठे उद्योग चालवणारे काही जण आहोत. आजपासून आम्ही एका मागणीसाठी एकत्र येत आहोत. दिव्यांग तरुणाला नोकरी द्यायची की नाही, हे मुलाखतीच्या खोलीत ठरवू नका. त्याला खऱ्या कामाच्या जागी, पूर्ण विद्यावेतनावर उमेदवारीला घ्या. त्याचं काम पाहा, मग ठरवा.

मुलाखतीत काय होतं, ते आम्ही वर्षानुवर्षं पाहत आलो आहोत. कर्णबधिर मुलीसमोर तिघं जण बसतात. दुभाषा नसतो, म्हणून प्रश्न कागदावर लिहून दिले जातात. तिचं सगळं आयुष्य खूणभाषेत गेलेलं, त्यामुळे लिहिलेली मराठी तुटक येते, आणि त्या दोन ओळींवरून तिची बुद्धी मोजली जाते. फिक्स्चरमध्ये पार्ट बसवून दाखव, असं तिला कुणी म्हणतच नाही. स्वमग्न मुलगा समोरच्याच्या डोळ्यांत पाहत नाही, ‘स्वतःबद्दल सांगा’ म्हटल्यावर गप्प राहतो. बिलांच्या गठ्ठ्यातली न जुळणारी रक्कम त्याला सापडते की नाही, हे तपासायची वेळ येण्याआधीच तो बाहेर पडलेला असतो. व्हीलचेअरवरच्या पदवीधराची मुलाखत दुसऱ्या मजल्यावर ठेवलेली असते आणि इमारतीला लिफ्ट नसते. ज्या गोष्टींत अडचण आहे, नेमकी त्यांचीच परीक्षा घ्यायची आणि ज्या कामासाठी माणूस हवा आहे ते काम मात्र करून पाहायचं नाही, ही निवडीची पद्धत आम्हाला मान्य नाही.

अठरा वर्षं पूर्ण झाली की बहुतेक बौद्धिक दिव्यांग मुलांची शाळा संपते. पुढे काय, याचं उत्तर आज दोनच ठिकाणी मिळतं: घर किंवा कार्यशाळा. पणत्या, मेणबत्त्या, कागदी पिशव्या बनवणाऱ्या कार्यशाळांनी कितीतरी घरं सावरली आहेत, हे आम्ही कृतज्ञतेने सांगतो. पण दिवाळीची ऑर्डर संपल्यावर तिथलं काम ओसरतं, आणि तिथून बाहेरच्या नोकरीत गेलेला मुलगा क्वचितच भेटतो. ज्यांना शिकता आलं, त्यांच्या वाट्याला कोर्स येतात. आधी संगणकाचा, मग टॅलीचा, मग दुसऱ्या संस्थेत पुन्हा संगणकाचा. प्रमाणपत्रांची फाइल जाड होत जाते आणि वय तिशीकडे सरकतं.

प्रशिक्षणाला आमचा विरोध नाही. आमचं म्हणणं एवढंच की ते चुकीच्या जागी होतं. वर्गातल्या टेबलावर चादरीची घडी घालायला शिकलेला मुलगा रुग्णालयाच्या लाँड्रीत गांगरतो, कारण तिथलं टेबल उंच असतं, यंत्रांचा आवाज असतो, ट्रॉली कुणीतरी मधूनच ओढून नेतं. एका जागी शिकलेलं दुसऱ्या जागी नेणं, हेच बौद्धिक दिव्यांग मुलांना सर्वांत जड जातं. म्हणून घडी घालायला त्या लाँड्रीतच शिकवायला हवं.

हे जगात कुठे झालेलंच नाही, असं नाही. अमेरिकेत सिनसिनाटीच्या बालरुग्णालयात 1996 मध्ये ‘प्रोजेक्ट सर्च’ सुरू झालं. एरिन रील तिथल्या तातडीच्या विभागात परिचारिकांच्या प्रमुख होत्या. विभागातलं सामान वेळेवर भरलेलं नसायचं, कारण ते काम करणारी माणसं टिकत नव्हती. ठरलेल्या पद्धतीचं, बारकाईनं करायचं हे काम बौद्धिक दिव्यांग तरुण का करणार नाहीत, असा प्रश्न त्यांनी विचारला. त्यातून जी रचना उभी राहिली, तिच्यात शाळेचं शेवटचं वर्ष रुग्णालयातच जातं. तरुण वर्षभरात तीन वेगवेगळ्या विभागांत काम करतात आणि शिक्षक व प्रत्यक्ष कामाच्या जागी शिकवणारे जॉब कोच त्याच इमारतीत असतात. पुढे व्हर्जिनियात स्वमग्न तरुणांवर याच पद्धतीचा अभ्यास झाला. तिथे अशी उमेदवारी केलेल्या 24 जणांपैकी 21 जणांना नोकरी लागली. नेहमीच्या शाळेच्या वाटेने गेलेल्या 16 जणांपैकी एकालाच. अभ्यास लहान होता, पण फरक लहान नव्हता. आणि सुरुवात रुग्णालयाच्या स्वतःच्या गरजेतून झाली होती, हे आमच्या उद्योजक मित्रांनी विशेष लक्षात घ्यावं.

आपल्याकडे कायदा आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 ने दिव्यांगत्वाचे प्रकार 7 वरून 21 केले आणि सरकारी पदांमध्ये किमान 4 टक्के आरक्षण दिलं. खासगी क्षेत्राबाबत मात्र त्याच कायद्याचं 35 वं कलम फक्त प्रोत्साहनाची भाषा करतं: मनुष्यबळात किमान 5 टक्के दिव्यांग असावेत यासाठी सरकारने सवलती द्याव्यात. सक्ती नाही. दुसरीकडे, 30 किंवा त्याहून अधिक कामगार असलेल्या आस्थापनेने 2.5 ते 15 टक्के शिकाऊ उमेदवार घेतलेच पाहिजेत, असं शिकाऊ उमेदवारीचा कायदा आणि त्याचे नियम सांगतात. हे दोन कायदे एकमेकांना जोडा, ही आमची सरकारकडे पहिली मागणी आहे. शिकाऊ उमेदवारांच्या जागांमध्ये दिव्यांगांचा वाटा ठरवून द्या, आणि त्यात बौद्धिक दिव्यांग, स्वमग्न व मानसिक आजार असलेल्या तरुणांचा वाटा वेगळा राखा. नाहीतर ज्याला सर्वांत कमी मदत लागते तोच निवडला जाईल.

योजनांच्या अटीही बदला. प्रधानमंत्री इंटर्नशिप योजना 2024 मध्ये सुरू झाली तेव्हा वयाची अट 21 ते 24 होती. आजारपणं, शस्त्रक्रिया, शाळा मिळेपर्यंत गेलेली वर्षं यांमुळे आमच्या मुलांचं शिक्षण उशिरा पुरं होतं. चोविसाव्या वर्षी अनेक जण अजून बारावीला बसत असतात. त्याच वर्षी आलेल्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत वयोमर्यादा 35 होती, हे चांगलं. पण किमान बारावीची अट होती. जो मुलगा दहावीच होऊ शकत नाही पण लाँड्री, किचन किंवा गोदामाचं काम नीट करू शकतो, त्याला दारच नाही. शिवाय त्या योजनेत विद्यावेतनाचे महिने संपल्यावर प्रशिक्षणार्थींना पुढचं काही हाती लागत नाही, हे महाराष्ट्राने पाहिलं आहे. तसली उमेदवारी आम्हाला नको.

आम्हाला हवी ती उमेदवारी अशी. सहा महिने ते एक वर्ष. एका विभागात अडकवून न ठेवता निदान दोन ठिकाणी काम. पहिल्या दिवशीच कागदावर लिहिलेलं असावं की निर्णय कोणत्या तारखेला होईल आणि कोण करेल; नकार असेल तर त्याचं कारणही लेखी. विद्यावेतन शेजारी उभ्या असलेल्या इतर उमेदवाराइतकंच, एक रुपयाही कमी नाही. फुकट उमेदवारीला आम्ही आमची मुलं पाठवणार नाही. आणि एकाच जागेवर दर वर्षी नवा उमेदवार बसवून कायम पद टाळणाऱ्या आस्थापनेला आम्ही पुन्हा कुणाचंही नाव देणार नाही.

सोबतीला जॉब कोच हवाच. तो आधी स्वतः चार दिवस ते काम करतो, त्याचे तुकडे पाडतो, फोटोंचा तक्ता करून यंत्राजवळ लावतो. सुरुवातीला दिवसभर थांबतो, मग अर्धा दिवस, मग आठवड्यातून एकदा. सुपरवायझरलाही तोच तयार करतो: एका वेळी एकच सूचना द्या, ‘जरा बघून घे’ असं मोघम बोलू नका, शिफ्ट बदलायची असेल तर आदल्या दिवशी सांगा. कोचचा खर्च सरकारने उचलावा. लहान कारखानदाराला तो परवडत नाही, हे आमच्यातले कारखानदारच सांगतात.

सोयींची भीती घालणाऱ्यांनी एकदा हिशेब करावा. कर्णबधिर कामगारासाठी यंत्राच्या भोंग्याला दिवा जोडायचा. संडासाचा उंबरठा काढून तिथे उतार करायचा, दार बाहेर उघडेल असं लावायचं. अंध उमेदवाराच्या संगणकावर एनव्हीडीए हे पडदा वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर टाकायचं, ते मोफत मिळतं. खरी अडचण बहुतेक वेळा कंपनीच्या स्वतःच्या सॉफ्टवेअरमध्ये निघते, ज्यातली बटणं एनव्हीडीएला वाचताच येत नाहीत. ती पहिल्याच आठवड्यात कळते, आणि दुरुस्त केली तर पुढच्या प्रत्येक अंध कर्मचाऱ्याला उपयोगी पडते.

आता आपल्याच घरांशी बोलू. आई-बाबांनो, संजय गांधी निराधार योजनेचं अनुदान बंद होईल, या धास्तीने कितीतरी जण मुलांना पगारी कामावर पाठवत नाहीत. ही भीती खोटी नाही. उमेदवारीच्या काळात विद्यावेतन उत्पन्नात धरू नये आणि नोकरी सुटली तर अनुदान विनाविलंब पुन्हा सुरू व्हावं, ही मागणी आम्ही सामाजिक न्याय विभागाकडे लावून धरू. पण तुम्हीही मुलाला एकट्याने बसने जाऊ द्या. पहिल्या दिवशी त्याच्या शेजारी बसा, नंतर दोन सीट मागे बसा, मग स्टॉपवरूनच परता. तो एखाद्या दिवशी चुकेल, पुढच्या स्टॉपवर उतरेल, फोन करेल. त्यासाठी तयार राहा.

आणि तरुण मित्रमैत्रिणींनो, या चळवळीच्या प्रत्येक समितीत निम्म्या जागा तुमच्या आहेत. कुठल्या कामाला नाही म्हणायचं, हेही तुम्हीच ठरवायचं.

उद्योजकांनो, रुग्णालयांच्या व्यवस्थापकांनो, हॉटेलवाल्यांनो, सहकारी बँकांनो, आमच्याकडे सत्कार आणि देणगीची पाकिटं पाठवू नका. तुमच्याकडे सतत रिकामी राहणारी किंवा माणूस न टिकणारी दोन कामं लिहून पाठवा. उमेदवार रोज ज्याला प्रश्न विचारू शकेल, अशा एका सहकाऱ्याचं नाव कळवा. आणि टेप घेऊन आलेल्या आमच्या माणसाला संडासाच्या दाराची रुंदी मोजू द्या. तीस इंचांहून कमी निघाली, तर गवंडीही आम्ही सुचवू.